अंड्यापुरती ओल

"तिका सांग गो, पेटी दारात ठेवू नको म्हणान. थंय वारो लागता."

हे वाक्य माझ्यासाठी होतं, पण आत्याबाई ते कोंबडीला सांगत होत्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून तांदूळ निवडत होते. कोंबडी दोघींच्या मधून चालली होती, तिला सुपातल्या कण्यांशी मतलब. मी उठले, अंडी उबवायची पेटी उचलून माजघरात आतल्या भिंतीला लावली आणि परत येऊन कोंबडीलाच म्हटलं, "ठेवली म्हणावं."

आमच्याकडे माणदेशात सासूला आत्याबाई म्हणतात. मी आटपाडीची, सासर कुडाळच्या आत कर्ली नदीच्या बाजूला. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. घरात आम्ही तिघंच. सासरे मी येण्याआधीच गेलेले. माझा नवरा दिगंबर वायरमन, दिवसभर गावोगाव खांबांवर चढलेला. तो घरी असला की निरोप्याचं काम त्याच्याकडे असायचं, नसला की कोंबडीकडे. मांजर होतं, पण ते ऐकून घ्यायला थांबायचं नाही.

हा अबोला आषाढात सुरू झाला. एका सकाळी मी मागल्या दारी गेले तर खुराड्याचं दार सताड उघडं आणि पडवीपासून माडांपर्यंत पिसंच पिसं. रात्री कोल्हा येऊन गेला होता. आत्याबाईंच्या बदकांपैकी एकही उरलं नव्हतं. त्या माझ्या मागून आल्या, बघितलं, आणि एक शब्द न बोलता वाकून पिसं वेचायला लागल्या. पावसात भिजत वेचत होत्या. पदर भरला तेव्हा आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

कारण मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. आदल्या संध्याकाळी खाचरातून बदकं हाकून मीच आणली होती, खुराड्यात मीच घातली होती. कडी लावली होती का? लावली असणार. पण रोजच्या कामाचं असंच असतं, हात करतात आणि डोकं दुसरीकडे असतं. शपथेवर सांग म्हणाल तर मला सांगता आलं नसतं. म्हणून मीही गप्प बसले.

ती बदकं साधी नव्हती. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईने पाठवणीला टोपली दिली होती, टोपलीत नर-मादीची जोडी. तीच पैदास इतकी वर्षं चाललेली. दरसाल पौष-माघात अंडी कोंबडीखाली बसवायची, पिल्लं काढायची. बाहेरचं बदक त्यांनी कळपात कधी येऊ दिलं नाही. पुढे आई-वडील गेले, भावाने घर विकलं आणि तो मुंबईला गेला. घर घेतलेल्याने ते पाडून आंब्याची कलमं लावली. माहेर म्हणून बोट दाखवायला आत्याबाईंकडे एवढी बदकंच राहिली होती, आणि ती कोल्ह्याने नेली.

उरली होती ती अंडी. स्वयंपाकघरात कोंड्याच्या टोपलीत पंधरा-सोळा अंडी ठेवलेली होती. आत्याबाई दिगंबरला म्हणाल्या, "ह्यांतसून एक जोडी तरी व्हयी माका. बाकी काय नको."

पण ऐन पावसाळ्यात कोंबडी खुडूक कुठून आणायची? आमचीला तर अंड्यावर बसण्यापेक्षा माणसांच्या भांडणात जास्त रस. शेजारपाजारी विचारून झालं. शेवटी दिगंबरने मासळी बाजारातून थर्माकोलचा खोका आणला, चार वेळा धुतला तरी त्याला बांगड्याचा वास येतच राहिला. त्यात बल्ब बसवला, उष्णता वाढली की आपोआप बंद होईल असा थर्मोस्टॅट लावला, झाकणात काचेचा तुकडा चिकटवला. खाली पाण्यासाठी पसरट डबा ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता पुढचं तू बघ."

मी बघणार, हे ओघाने आलंच. आटपाडीला माझ्या वडिलांचं कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र होतं. दिगंबर ते यंत्र दुरुस्त करायला आला होता, आणि यंत्र सुरळीत चालू झाल्यावरही दुरुस्तीला येत राहिला. आमचं लग्न त्या यंत्राने जमवलं असं म्हणायला हरकत नाही. अंडी कशी फिरवायची, ऊब किती हवी, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि एक गोष्ट तर हाडात भिनलेली: पाणी. आमच्याकडे ओलं गोणपाट वाळत टाकलं तर चहा होईपर्यंत कडक होतं. यंत्रातला पाण्याचा डबा कोरडा दिसला की वडील घर डोक्यावर घ्यायचे. अंडं सुकलं म्हणजे पिल्लू गेलं. त्यात बदकाच्या अंड्याला कोंबडीपेक्षा जास्त ओल लागते असं ते म्हणायचे. म्हणून इथेही मी डबा काठोकाठ भरत होते आणि वर झाकणाला आतून ओलं फडकंही लावत होते. ही अंडी माझ्या हातून फुकट जाऊ द्यायची नाहीत, असं मी मनाशी घेतलं होतं. कडीची भरपाई करायची होती म्हणा ना.

श्रावण लागला. बाहेर भिंतींवर शेवाळ, कपाटातल्या साड्यांना बुरशी, मिठाच्या बरणीत मिठाऐवजी पाणी. मला या सगळ्याचा कंटाळा यायचा, पण त्याचा खोक्याशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

एका दुपारी दिगंबरचा टॉर्च घेऊन मी अंडी तपासायला बसले. घरात बाळंतिणीची म्हणून एक खोली होती, तिला खिडकी नव्हती, भर दिवसाही हात दिसायचा नाही. टॉर्चवर पुठ्ठा लावायचा, पुठ्ठ्याला भोक, भोकावर अंड्याचा जाड भाग. उजेड आत शिरतो आणि आतलं सगळं दिसतं. लाल शिरा दिसल्या. काळसर पिल्लू हललं. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. जिवंत होती. मला इतका आनंद झाला की कोंबडीला जाऊन सांगावंसं वाटलं.

मग माझं लक्ष वरच्या पोकळीकडे गेलं. अंड्याच्या जाड टोकाला हवेची थोडी जागा असते. दिवस जातात तसं आतलं पाणी कवचातून हळूहळू बाहेर जातं आणि ती जागा वाढते. शेवटी पिल्लू चोच त्या जागेत घालतं आणि पहिला श्वास घेतं. आता ती जागा चांगली मोठी दिसायला हवी होती. ती नखाएवढी होती, जवळजवळ सगळ्याच अंड्यांत. अंडं भरलेल्या घागरीसारखं जड लागत होतं. हे असंच राहिलं तर पिल्लं पूर्ण वाढतील आणि बाहेर यायच्या वेळी आतल्या आत बुडतील. वडिलांच्या तोंडून मी हे ऐकलं होतं, पण आटपाडीत कधी पाहिलं नव्हतं. तिथं बुडायला पाणी कुठे होतं?

मी डबा रिकामा केला, पुसला, फडकं काढलं. दुसऱ्या दिवशी खोका उघडला तर आत अंडी ओली. थेंब दिसत होते. डबा मात्र कोरडा. दिगंबरला विचारलं, तो म्हणाला आपण खोक्याला हात लावला नाही, आणि वर ग्रामदेवतेची शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी मी विहिरीवर जाते असं कोंबडीला मोठ्याने सांगून निघाले आणि माडाच्या आडून परत आले.

आत्याबाई खोक्याजवळ बसल्या होत्या. शेजारी तांब्या, हातात पिसांची जुडी. आषाढात वेचलेली पिसं त्यांनी दोऱ्याने बांधली होती. जुडी पाण्यात बुडवून त्या एकेका अंड्यावरून फिरवत होत्या, तान्ह्याच्या अंगावरून हात फिरवावा तशी. मला बघून हात तिथेच थांबला.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोंबडी अंगणात गेली होती. बोलायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"पयल्या दिसापासून," त्या म्हणाल्या. "बदक तळ्यातसून इला की वल्या आंगान अंड्यार बसता. कोंबडी कोरडी. म्हणान मी दरवर्षी वल दितंय. ह्यांची तर आवसच नाय. वल कोण दितला?"

मला राग आला नाही. राग यायला जागाच नव्हती, कारण मीही पहिल्या दिवसापासून तेच करत होते. मी एक अंडं उचललं आणि त्यांना बाळंतिणीच्या खोलीत घेऊन गेले. टॉर्च लावला. त्यांनी आयुष्यभर अंडी बसवली होती, पण अंड्याच्या आत कधी पाहिलं नव्हतं. पिल्लू हललं तशा त्या मागे सरकल्या आणि मग इतक्या जवळ आल्या की त्यांचा श्वास माझ्या हाताला लागला. मी त्यांना पोकळी दाखवली, ती कशासाठी असते ते सांगितलं.

"आणि ही ल्हान रवली तर?"

"तर पिल्लू आतच बुडतंय, आत्याबाई."

"माझ्या पाण्यान?"

"माझ्याबी. मी डबा भरत होते की रोज."

"म्हणजे दोघांनी मिळान बुडयलंव," त्या म्हणाल्या.

तसं पाहिलं तर दोघींचंही चुकलं नव्हतं. त्या पौष-माघात अंडी बसवायच्या, तेव्हा कोकणातही हवा कोरडी असते. मी आटपाडीचं पाणी इथे ओतत होते. ह्या श्रावणाची गोष्ट दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हती. पण हे एकमेकींना विचारायला बोलावं लागलं असतं.

आता ओल काढायची कशी, हा प्रश्न. जिथे आगपेटीची काडी पेटत नाही, तिथे कोरडी हवा आणायची कुठून? मी विचार करत होते तोवर आत्याबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. चुलीमागे त्यांचा कट्टा होता. पावसाळ्यासाठी साठवलेलं सामान तिथे असायचं: सुकी मासळी, कोकमाची सोलं, पापडांचे डबे, मिठाची दुसरी बरणी. घरातली ती एकच कोरडी जागा, आणि तिथे हात लावायची दिगंबरलाही मुभा नव्हती. त्यांनी सगळं सामान भराभर उतरवून माजघरात ठेवलं. कट्टा पुसला.

"हय ठेव," त्या मला म्हणाल्या. मला, कोंबडीला नव्हे.

खोका कट्ट्यावर गेला. दिगंबरने त्याला आणखी भोकं पाडली. आत्याबाईंनी भाताचा तूस तव्यावर परतून दिला, तो मी अंड्यांखाली अंथरला, दमट झाला की बदलला. धूर खोक्याकडे जाऊ नये म्हणून त्या सुकी लाकडं निवडून जाळायच्या आणि दिवसभर चूल मंद ठेवायच्या. माजघरातले पापड सादळले, सुक्या बांगड्यांना बुरशी आली. त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. दिगंबर कामावरून आला आणि आई नि बायको सरळ बोलताहेत हे पाहून दारातच उभा राहिला. त्याला आपण चुकीच्या घरात आलो असं वाटलं असावं.

बोलत होतो, पण अंड्यांपुरतं. ऊब किती, तूस बदललास काय, हे फिरवलंस काय. अंड्यांचा विषय संपला की पुन्हा शांतता. खुराड्याचं नाव दोघीही काढत नव्हतो.

पोकळ्या हळूहळू वाढल्या. आम्ही दोघी त्या अंधाऱ्या खोलीत बसून पेन्सिलीने कवचावर खूण करायचो. काही अंड्यांतली हालचाल थांबली, ती बाजूला काढली. आत्याबाई ती घरामागच्या परड्यात पुरून यायच्या आणि हात धुऊन पुन्हा चुलीशी बसायच्या.

मग एका सकाळी एका कवचाला बारीक तडा दिसला. मी म्हटलं, आता पाणी घालायचं.

आत्याबाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "काल वल नको म्हटलंस, आज व्हयी म्हणतंस?"

मी समजावलं. पिल्लू कवच फोडायला लागलं की आतला पापुद्रा ओला राहावा लागतो. तो वाळला तर पिल्लाच्या अंगाला आवळून बसतो आणि त्याला हलता येत नाही. म्हणून आता डब्यात गरम पाणी भरायचं, जास्तीची भोकं बंद करायची, झाकण लावायचं आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत उघडायचं नाही, काहीही झालं तरी. मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मला परत दिला. शेवटी त्यांनी झाकण धरलं आणि पाणी मी ओतलं.

मग आम्ही काचेतून बघत बसलो. सकाळचा तडा दुपारी भोकाएवढा झाला आणि तिथेच थांबला. भोकातून चोचीचं टोक दिसायचं, उघडायचं, मिटायचं. पुढे काही नाही. कोंबडीचं पिल्लू पटकन येतं, बदकाचं रेंगाळतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बघत बसणं वेगळं. आत्याबाईंनी तीनदा चूल सारखी केली. मग त्यांचा हात झाकणाकडे गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. "न्हाई आत्याबाई. आता उघडलं तर पापुद्रा वाळंल. आन् आपण कवच सोललं तर रक्त येतंय, त्याच्या शिरा अजून चिकटलेल्या असत्यात. त्याचं त्यालाच येऊ द्या."

"मरतला ता."

"मरंल, न्हाईतर येईल. आपण बघायचं."

त्यांनी हात मागे घेतला नाही. माझ्या हातात तसाच राहू दिला. काचेकडे पाहत म्हणाल्या, "कडी तू लायलेलंस."

मला आधी कळलंच नाही.

"खुराड्याची. तू लायलेलंस. मागसून मी इलंय, कोंडो घालूक उघडलंय, आणि लावूक इसारलंय. तशीच घरात गेलंय. रात्री आवाज इलो तेव्हा वाटला, पाऊस."

चुलीतलं लाकूड खाली सरकलं.

"माझ्या आवशीची बदकां मीच घालवलंय. तुझ्याशी बोलूक माका त्वांड नाय होता. तुका वाटला, मी तुझ्यार रागावलंय?"

"होय."

"मगे इतके दिस माझ्या अंड्यांसाठी कित्याक मरत होतंस?"

मी जे मनात होतं तेच सांगितलं. "माझं माहेर गाडीत बसलं की येतंय, आत्याबाई. तुमचं ह्या खोक्यात हाय."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले. धुराचं निमित्त करायला चूल होतीच, पण दोघींनीही ते केलं नाही.

पहिलं पिल्लू दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलं. ओलं, दमलेलं, मान टाकून पडलेलं. आत्याबाईंना वाटलं गेलं. मग त्याने मान उचलली. संध्याकाळपर्यंत पाच निघाली, बाकीची आतच राहिली. पाचांत दोन नर होते, हे पुढे कळलं. पैदास चालू राहिली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी माहेरी जायला निघाले तेव्हा आत्याबाईंनी कोंड्याच्या टोपलीत अंडी बांधून दिली. "तुझ्या बापाशीक सांग, यंत्रात घाल म्हणान. आमचीकडे परत कोल्हो इलो तर खंय तरी आसूक व्हयी." वडिलांनी अंडी यंत्रात लावली, मी परत आले. पण आटपाडीचा उन्हाळा. डबे भरून ठेवले तरी पुरेना. पिल्लांनी कवचं फोडली आणि पापुद्र्यात अडकून मेली. वडिलांचा फोन नाक्यावरच्या दुकानात आला, मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं आत्याबाई हळहळतील. त्या उठल्या आणि ट्रंक काढली.

"थंय माझी वल लागतली," त्या म्हणाल्या. "आता अंडी घेवन मीच जातंय."

मीही सोबत निघाले. कुडाळच्या स्टँडवर आमच्या वाडीतली तुळसाकाकी भेटली. टोपली बघून तिने विचारलं, "खंय चललंस गो?"

"मायेराक," आत्याबाई म्हणाल्या. आणि तोंडातून काय गेलं हे कळल्यावर पदर सारखा करत गाडीची पाटी वाचायला लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

त्या आटपाडीला आमच्या घरी महिनाभर राहिल्या. दिवसातून दोनदा यंत्र उघडून त्या आपल्या हाताने अंडी भिजवायच्या, आणि इतर कुणी उघडलं तर माझ्या वडिलांनासुद्धा बोलायच्या. वडील निमूट ऐकून घ्यायचे. ह्या खेपेला जवळजवळ सगळी पिल्लं निघाली. माणदेशात आमच्या विहिरीच्या पाटात पोहणारी पहिली बदकं ती. गावातली माणसं बघायला यायची.

निघायच्या दिवशी माझ्या आईने सूप आणलं. सुपात तांदूळ, नारळ, खण. आत्याबाई ते बघून दोन पावलं मागे सरकल्या. शेजारच्या रखमामावशी आईच्या कानाशी लागून म्हणाल्या, असं करत न्हाईत, त्यांचं मालक गेल्यात, विधवेची ओटी भरत न्हाईत.

"माहेरवाशीण चाललीय, तिची ओटी भरायची असतीया," आई म्हणाली. "बाकीचं मला ठाऊक न्हाई." आणि तिने तांदळात ओंजळ घातली.

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर पुढे केला.